योनाचा मासा अन् बिनासाखरेचा चहा

शालोमचे पप्पा,

शालोमले घेऊन मी डोणगावले आईकडे जाऊन राह्यली. भाकरी टोपल्यात झाकून ठेवली हाय, वांग्याची भाजी तेवढी गरम करून घ्या.

मागच्या वर्षी मी तुम्हाले म्हटलं होतं, बायबलातल्या त्या देवाचं न ऐकता पळालेल्या योनाले खरंच माशानं गिळलं का नाही कोणाले ठाऊक, पण देवापासून पळता येत नाही एवढं त्यातून घ्यायचं. तवा तुम्ही ताटावरून उठले. शास्त्रातला शब्द न् शब्द खरा हाय म्हणाले अन् लय दिवस अबोला धरला.

काल आपल्या घरच्या प्रार्थनासभेत शाळेवरच्या नवीन सारिका मॅडम अगदी तेच बोलल्या. मी आत चहा गाळून राह्यली होती. तुमचा आवाज आला, "बराबर हाय मॅडम, हे आपल्याले सुचलंच नव्हतं." मंग आत येऊन मले सांगून गेले, मॅडमले साखर चालत नाही. मले किती साखर लागते, ते सांगता येईन का तुम्हाले?

नवरा-बायको एक देह होतात, हे आपल्या लग्नात पाळकानं वाचलं होतं. ते खरं धरायचं का नुसती गोष्ट, मॅडमले इचारून घ्या. त्यायचं तुम्हाले पटतेच. मंग मले घ्याले यायचं का नाही, ते ठरवा.

डिंपल