आधी बोंजूर म्हणायचं, आत्याबाई

आत्याबाई, आज दुपारी उंब्रजच्या घरात मी एकटीच आहे. हे कराडला गेलेत, पोरगी चुलत भावंडांबरोबर उसाच्या रानात गेली आहे. तुम्ही असता तर आत्ता माझ्यासमोर बसून शेंगा फोडल्या असत्या आणि विचारलं असतं, "त्या मुलखात माणसं कशी हाईत गं?" तुम्ही गेलात तेव्हा आम्ही फ्रान्सला जाणार हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, मग तुम्हाला सांगायचं राहिलं असंही म्हणता येत नाही. तरी सांगावंसं वाटतं. तिथल्या आमच्या पहिल्या वर्षात तुमची जेवढी आठवण आली तेवढी माझ्या आईचीही आली नाही.

शिरवळच्या कारखान्यातून यांना तिकडच्या कारखान्यात पाठवलं तेव्हा मी एसटीतून बिनपगारी रजा काढली. कंडक्टरची कायमची नोकरी सोडायचं माझ्या मनात नव्हतं. तुम्हाला त्या नोकरीचं काय कौतुक होतं! माझ्या गाडीत कराडला निघालात की पहिल्यांदा तुम्हीच हात पुढे करायचात, "फाड तिकीट. सुनंच्या गाडीत फुकट बसली म्हणतील." आणि मी घंटी मारून "चला, पुढं सरका" ओरडले की शेजारच्या बाईकडे बघून हसायचात. तो माझा आवाज, आत्याबाई, तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात नडला. बसमध्ये मी फोनवर आईशी बोलत होते, नेहमीसारखी. सगळी बस गप्प. पुढच्या बाईनं मान वळवून बघितलं, मग तिच्या पुढच्या माणसानं. मी कुणाला शिवी दिल्यासारखं ते बघणं होतं. पोरीनं माझा पदर ओढला, "आई, हळू." पाच वर्षांची पोर मला हळू म्हणत होती. त्यानंतर मी बसमध्ये बोलायचंच सोडलं आणि हळूहळू घराबाहेर कुठंच बोलेनाशी झाले.

पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे. फोनवरून वाक्य पाठ केलेलं असायचं. माझी पाळी आली की ते वाक्य मी म्हणायचे, आणि काउंटरवरची बाई माझ्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे बघायची, किंवा पाव असा ठेवायची की जणू मी तो चोरून नेणार आहे. एकदा तर माझ्यानंतर आलेल्या बाईला तिनं आधी दिलं. मी तशीच घरी आले. हे म्हणाले, "आपला रंग बघून करत्यात. मनावर घिऊ नगो." मी मनावर घेतलं. दुकानं दुपारी बंद, रविवारी बंद, बुधवारी पोरीची शाळा बंद, आणि उघडी असतील तेव्हा ही अशी माणसं. मी यांना सांगून टाकलं, दिवाळीनंतर माझी रजा संपते, पोरीला घेऊन मी उंब्रजला जाणार, तुमचं काम संपलं की तुम्ही या.

त्याच दिवसांत एका रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते. दोन डब्यांत भरून आणलेलं ज्वारीचं पीठ, मायेनं पुरवून पुरवून वापरायचे. तिसरीच भाकरी असेल, दार वाजलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी बाई. अंगात राखाडी स्वेटर, केस नीट विंचरलेले, आणि तोंडातून शब्दांचा पट्टा. मला त्यातला "दिमांश" एवढाच कळला, म्हणजे रविवार. तिनं बोट छताकडे नेलं आणि हवेत मूठ आपटून दाखवली. आमच्या भाकरीचा धपधपाट तिच्या डोक्यावर होत होता. मी पिठाच्या हातानं तिला आत नेऊन परातीतली भाकरी दाखवली. ती हसली बिसली नाही. भाकरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळात दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं, म्हणजे त्याआधी नाही, आणि गेली. मी ओट्याशी उभी राहून रडले. आपल्या घरात भाकरी थापायला वेळ विचारायची?

पण दुसऱ्या दिवशी जिन्यात ती समोरून येताना दिसली आणि मला, का कोण जाणे, लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी साताऱ्यात वाढलेली, ड्युटीवरून दमून यायची आणि गल्लीतल्या दारांवरून खाली मान घालून घरात शिरायची. एकदा तुम्ही मला उंबऱ्यातच अडवलंत. "चार दारांवरनं मुकाट आलीस व्हय? आगं, 'काय करतासा' म्हणायला जीभ झिजती का? न बोलता गेलीस तर तेंच्या लेखी तू चोरावानी गेलीस." मला राग आला होता. रोज तेच विचारायचं, आणि उत्तरही तेच यायचं, मग विचारायचं कशाला? पण विचारू लागले तशी गल्ली माझी झाली होती. जिन्यात ती बाई जवळ आली तेव्हा मी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "बोंजूर, मादाम."

तिचा चेहरा बदलला हो. "आ! बोंजूर, मादाम!" म्हणाली आणि तीही थांबली. मग मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत आम्ही बराच वेळ उभ्या होतो. मी पावाच्या दुकानाचं सांगितलं. तिनं विचारलं, तू आत गेल्यावर पहिल्यांदा काय म्हणतेस? मी म्हटलं, दोन पाव द्या. तिनं कपाळाला हात लावला. दुकान त्या बाईचं घर आहे, तू घरात शिरतेस आणि थेट पाव मागतेस! आधी बोंजूर, मग ती बोंजूर म्हणेल, मग पाव. दुपारी ती माझ्याबरोबर दुकानापर्यंत आली आणि दाराबाहेरच उभी राहिली, जा म्हणून हात केला. मी आत जाऊन बोंजूर मादाम म्हटलं. काउंटरवरची बाई चक्क हसून बोंजूर म्हणाली, काय हवंय विचारलं, आणि मला पावाचा शब्दच आठवेना. बोट दाखवलं ते चुकून तिसरीकडेच गेलं. मनुका घातलेला गोड पाव घेऊन मी बाहेर आले आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. सगळंच एका बोंजूरनं सुटलं असं नाही. रंग बघून तोंड फिरवणारे आहेत, आजही भेटतात. पण तोवर मी प्रत्येक फिरवलेलं तोंड त्याच खात्यात टाकत होते.

पुढे रोज संध्याकाळी ती मला थोडं बोलायला लावायची. त्या भाषेतही वस्तूंना बाई-पुरुष असतं, आत्याबाई, आणि ते आपल्याशी जुळत नाही. तिथं चंद्र बाई आहे. मी सगळं उलटंपालटं बोलायचे आणि मला तुम्ही दिसायचात, जतच्या पलीकडून, कानडी मुलखातून उंब्रजला नवरी होऊन आलेल्या. "पाणी आली", "चहा झाली" म्हणायचात आणि पाण्यावर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. "मग मी वरीसभर बोललेच न्हाई. आन् एक दिस हौसाकाकूच्या दारात गेले आन् तिला कानडीतच इचारलं, ऊटा आतेन्री? जेवलासा का म्हून. तिला कळलं बघ. तवापास्नं चुकीचं तर चुकीचं, पर बोलायलाच लागले." मी तेव्हा ती गंमत म्हणून ऐकली होती.

दिवाळी झाली, परतीची तिकिटं काढायची बोलणी चालली होती. एका सकाळी पोरीला शाळेत सोडून येताना मी वर बघितलं तर खालच्या बाईच्या खिडक्यांच्या झडपा बंद. ती उजाडताच उघडायची. हे कामावर निघाले होते, त्यांना म्हटलं. म्हणाले, "हिथं न सांगता कुणाच्या दारात जात न्हाईत. निजली आसंल." मी ऐकलं, आणि जिना चढताना तिच्या दाराशी थांबले. घंटी वाजवली. दार ठोकलं. मग मी माझा कराड-साताऱ्याचा आवाज काढला, "मादाम! मादाम!" असा की सगळा जिना दणाणला. वरखाली दारं उघडली. आतून अगदी बारीक हाक आली. ती पडली होती.

हे निघून गेलेले, बाकीचे शेजारी एकमेकांकडे बघतायत. मी मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस भरभर बोलत होता, आणि मी, आत्याबाई, ओरडून सांगत होते, "मादाम तोंबे! मादाम पडली. दार बंद. दुसरा मजला. लवकर!" क्रियापद चुकलं, बाई-पुरुष चुकलं असणार. त्याला कळलं. त्यानं रस्त्याचं नाव विचारलं, तेही मला सांगता आलं. तिकडे अशा कामाला आग विझवणारेच येतात. शिडी लावून ते खिडकीतून आत गेले. रात्रीच न्हाणीघरात घसरून तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. उचलून नेताना तिनं माझा हात धरला आणि सोडेना, म्हणून मीही गाडीत बसले.

परतीची तिकिटं राहिली, मी रजा वाढवून घेतली. दोन महिन्यांनी ती काठी टेकत घरी आली. मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेले, तर म्हणाली, आता मला 'तू' म्हण, मादाम नको. तिच्या लेखी तो मोठा मान. माझी जीभ वळेना. तिच्या वयाच्या बाईला अरेतुरे? शेवटी असं ठरलं, ती मला तू म्हणेल, मी तिला तुम्हीच म्हणेन. त्या महिन्यात मी एसटीचा राजीनामा पाठवला. पाठवण्याआधी पाकीट दोनदा उघडून वाचला, खोटं कशाला सांगू. आता मी तिथल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळी आत गेले की प्रत्येकाला वेगळं बोंजूर म्हणावं लागतं, एकदाच सगळ्यांना म्हणून चालत नाही. ऐकायला कमी येणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये माझ्या आवाजाला फार मागणी आहे.

हे सगळं कुठं पाठवायचं म्हणून पत्ता घालत नाही. यांची गाडी दारात वाजली की कागद पर्समध्ये जाईल. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. तुम्ही आठ दिवसांचं सांगून माहेरी जायचात आणि चौथ्याच दिवशी दारात उभ्या. मामंजी विचारायचे, "का गं, करमलं न्हाई व्हय?" तुम्ही म्हणायचात, "म्हशीची काळजी लागली." आमची सुट्टी अजून संपली नाही, आणि आज सकाळी मी यांना म्हटलं, परतीची तिकिटं दोन दिवस अलीकडची मिळतायत का बघा, तिकडं खिडकीतल्या कोथिंबिरीला पाणी नाही. ती कोथिंबीर मी निघायच्या आदल्या दिवशी खुडून संपवली होती.