पाटीवरची तिसरी ओळ

कोताबातो, १६ सप्टेंबर २०२४

ती. दादा यांस,
नुरिंदाचा सलाम वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सुप्रीम कोर्टाचा निकाल रेडिओवर ऐकलाच असेल. तुमचा सुलू प्रांत आता आमच्या स्वायत्त प्रदेशात नाही. २०१९च्या मतदानाआधी तुम्ही गावभर रंगवलेल्या 'नको'च्या पाट्या अखेर फळल्या म्हणायच्या. अभिनंदन. फक्त त्या पाट्यांखाली तुमचीच लेक सापडली आहे.

सरविनाची इथली नर्सिंगची जागा प्रदेशातल्या मुलांसाठी राखीव आहे, आणि ती पडली माइम्बुंगची. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, इथं राहणारा पालक असेल तर चालेल. मुदत ३१ ऑक्टोबर. तेव्हा एवढंच लिहून द्या, की ती सातव्या वर्षापासून माझ्याकडे वाढली. मला मूलबाळ नाही, कुणी शंका घेणार नाही. एवढ्या एका ओळीपुरती तरी फूटपट्टी बाजूला ठेवा. वहिनींना सलाम. लोभ आहेच, तो राखावा.

तुमची,
नुरिंदा


माइम्बुंग, २७ सप्टेंबर २०२४

चि. नुरिंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बोटीवरच्या मुख्तारच्या हाती पोचले. 'नको'च्या पाट्या बेचाळीस होत्या. आम्ही नको म्हटले, त्यांनी सगळ्या प्रदेशाची मते एकत्र मोजून आमच्या तोंडी हो घातले. ती चूक दुरुस्त व्हायला पाच वर्षे, सात महिने, एकोणीस दिवस लागले. मला रंगकाम कुणी शिकवले नाही, पण ओळ कुठे वाकली ते मला लांबून दिसते.

म्हणून सांगतो. सरविना तुझ्याकडे दोनदा राहिली, एकदा अकरा दिवस, एकदा एकोणीस. त्यातले चार दिवस गोवरात गेले. याला वाढणे म्हणत नाहीत. मी खोटे लिहिणार नाही.

शाळेच्या पाटीवरची तिसरी ओळ, प्रदेशाच्या नावाची, पुसायला हेडमास्तरांनी सांगितले आहे. नवी काय लिहू विचारले, तर म्हणाले, कळवतो. सरविना माझ्याशी बोलत नाही. कॉफी मात्र वेळेवर आणून ठेवते. प्रकृतीस जपावे.

तुझा दादा,
जुम्दाईल


कोताबातो, ८ ऑक्टोबर २०२४

ती. दादा यांस,
सलाम.

तुमची ओळ सरळ राहिली, पोरगी वाकली तरी हरकत नाही. काल फोनवर मला म्हणाली, आत्या, अब्बांना पाट्या पोटच्या आहेत, मी दुकानातली. मी हसले, मग हसू पुरलं नाही.

आपली अम्मा दहा वर्षांची असताना तिच्या थोरल्या मावशीच्या पदरात घातलेली. तेव्हा किती दिवस राहिली म्हणून कुणी मोजत बसलं होतं का? तेवीस दिवस उरले आहेत. मोजायची हौस असेल तर ते मोजा. राग मानू नये, मानलात तरी उत्तर द्यावे.

तुमची,
नुरिंदा


माइम्बुंग, १९ ऑक्टोबर २०२४

चि. नुरिंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आणणारी समोर उभी आहेच. तिला आधी बसायला सांग. बोटीत उलट्या होतात.

अम्माचे तू लिहिलेस ते बरोबर, फक्त ती तेव्हा अकरा वर्षांची होती. काल जुम्म्यानंतर इमामांना घरी बोलावले. चार शेजारी साक्षीला होते. रीतीप्रमाणे सरविनाचा हात मी इमामांच्या हातात दिला आणि तिला तुझ्या घरी दिल्याचे तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा इमामांना मला जरा मोठ्याने म्हणायला सांगावे लागले. ते म्हणाले, नाव बापाचे राहते, घर बदलते. साक्षीदारांच्या सह्यांचा कागद सोबत आहे. त्यात सातव्या वर्षाचा उल्लेख नाही, कालची तारीख आहे.

रीतीतला पिवळ्या भाताचा घास मात्र मुलगी घेणाऱ्या घरीच भरवायचा. हळद बेताची घाल, कडवटपणा तिला चालत नाही. घास आधी, फॉर्मवर सही नंतर. क्रम चुकवू नकोस.

शाळेची तिसरी ओळ पुसली. हेडमास्तरांनी अजून काही कळवलेले नाही, जागा कोरी आहे. कॉफी आज वहिनीने केली.

सुट्टीत तुझ्या मुलीला इकडे पाठवत जा. तिला मामाचे आशीर्वाद सांग.

तुझा दादा,
जुम्दाईल