दिव्याचे बटण पलीकडे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा चहा-कॉफीचे दुकान, राहणार त्याच दुकानाच्या वरची खोली, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे, शेजाऱ्यांकडून मागितलेला नाही. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही नाही. मग कागदपत्रे आवरून घ्या असे तुम्हीच का सांगितले, असे विचारल्यावर ते हसले.

वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. त्यात 'सदरहू मिळकत' अकरा वेळा आली होती. सदरहू मिळकतीला आम्ही दुकान म्हणतो, म्हणून मी तो मसुदा परत केला आणि स्वतः लिहायला बसले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. जिथे खाडाखोड आहे तिथे शेजारी माझी सही आहे.

कलम १. वरची राहती खोली, बँकेतली सगळी शिल्लक आणि माझ्या चार बांगड्या माझ्या लेकीला द्याव्यात. ती दूरच्या शहरात नोकरी करते आणि दर रविवारी फोन करते. तिच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे तिला माझी कॉफी कडू लागते. तिला दुकान मात्र देत नाही. का, ते पुढे लिहिले आहे. तिने ते शेवटपर्यंत वाचावे आणि मगच तोंड फुगवावे.

कलम २. कॉफीच्या बिया भाजायची कढई, पितळी किटली आणि मोठी गाळणी दुकानातच राहतील. भाजण्याचे प्रमाण मी कुठेही लिहून ठेवलेले नाही. बियांचा रंग जुन्या चपलेसारखा झाला की कढई उतरवावी. यापेक्षा नेमके मला सांगता येत नाही.

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ समोरच्या केशकर्तनालयाला द्यावे. ते पाच मिनिटे पुढे आहे. रोज सकाळी सहाला माझ्या दुकानातला दिवा लागतो, तेव्हा त्यात सहा वाजून पाच झालेले असतात. दोनदा दुरुस्तीला दिले. दोन्ही वेळा घड्याळजी म्हणाले, घड्याळात काही दोष नाही. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाणे सोडले. न्हावीदादा प्रत्येक गिऱ्हाइकाला 'पाचच मिनिटं बसा' म्हणून तासभर बसवतात, त्यांना ते शोभेल.

कलम ४. शेजारच्या बियर बारच्या मालकांना काहीही देऊ नये. त्यांच्या हिरव्या पाटीचा उजेड गेली सात वर्षे माझ्या कपांत पडतो आणि चहा शेवाळल्यासारखा दिसतो. पाटी वळवा म्हणून तीनदा सांगितले. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असे वकीलबाईंनी सांगताच मी साक्षीदार म्हणून लगेच त्यांचे नाव सुचवले. माणूस तसा खोटा नाही.

आणखी एक साक्षीदार म्हणजे आमचे कुलूपवाले. माझ्या दाराशी स्टूल टाकून ते गेली वीस वर्षे किल्ल्या घासत बसतात. कानतुटका निळा कप त्यांचा आहे. तो मी त्यांना देत नाही, परत करते.

कलम ५. आता दुकान.

हे दुकान कोपऱ्यावरचे आहे. पूर्वी ते अखंड होते आणि माझे यजमान व माझे दीर, दोघे भाऊ मिळून चालवत. मी आणि माझी धाकटी जाऊ आत राबत होतो. मी कॉफी बघायची, ती पाव भाजायची आणि अंडी उकडायची. आमचे छान जमे. भांडण लागले ते भावांचे, आणि तेही खुर्च्यांवरून. यजमान म्हणायचे, "गिऱ्हाईक बसलं की राहायलाच येतं. उभ्यानं प्यावं आणि कामाला लागावं." दीर म्हणायचे, "उभं ठेवलं तर उद्या येईल का तो?" एका सकाळी दिरांनी न विचारता बारा खुर्च्या आणल्या. यजमानांनी त्या फुटपाथवर मांडल्या. आठवडाभर खुर्च्या आत-बाहेर होत राहिल्या आणि शेवटी दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली.

माझ्या बाजूला खिडकी आली नाही आणि दार बाजारगल्लीत आले. तिचे दार मोठ्या रस्त्यावर. या दारातून त्या दाराकडे जायला कोपऱ्याचा वळसा घालावा लागतो, आणि एकीला दुसरीचे शटर दिसत नाही. माझ्याकडे उंच फळी, उभ्याने प्यायचे. तिच्याकडे खुर्च्या. मौज अशी की दोन्ही बाजू चालल्या. माझी कॉफी घेऊन लोक वळसा घालत आणि तिच्या खुर्चीत पाव खात बसत. संध्याकाळी माझे कप धुऊन, पालथे घालून माझ्या उंबऱ्यावर ठेवलेले असत. सोळा वर्षांत एकही कप फुटून आला नाही.

दीर गेले, त्यानंतर दोन वर्षांनी माझे यजमानही गेले. भांडण त्यांचे होते, पण अबोला आम्ही दोघींनी सांभाळला. आधी बोलेल ती हरली, असे झाले होते.

एका मोठ्या कॉफीच्या कंपनीला हे दुकान हवे आहे. अख्खेच हवे, अर्धे नको. दोन्ही मालकिणींनी एका टेबलावर बसून बोलणी करावीत, अशी त्यांची अट आहे. आम्ही दोघी एका टेबलावर बसणे शक्यच नव्हते, म्हणून दुकान आजवर वाचले. पण माझा अर्धा भाग लेकीकडे गेला, तर ती तो विकेल. तिने तसे स्पष्ट सांगितले आहे: "आई, तिथे माझं आता काय आहे?" तिचे चुकत नाही. पण मग धाकटीला एकटीला कंपनीपुढे तग धरता येणार नाही. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या परिचारिका, पेपरवाले, ट्रकवरून उतरणारे हमाल, यांनी मग गरम काही प्यायला जायचे कुठे? कंपनीचे दुकान दहाला उघडते.

म्हणून माझा अर्धा भाग मी माझ्या धाकट्या जावेच्या नावे करते. मात्र कलम ७ वाचल्यावर तिची इच्छा असेल तरच. ती नको म्हणाली, तर तो लेकीकडे जावा.

कलम ६. दिव्याचे बटण.

भिंत बांधताना दोघे भाऊ आपापल्या बाजूला उभे राहून, गवंड्याची दोरी बोटभरही सरकत नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. तारा आणि नळ्यांकडे कुणाचे लक्ष गेले नाही. तिसऱ्या दिवशी कळले की माझ्या दिव्याचे बटण तिच्या बाजूला राहिले आहे आणि तिच्या पाण्याचा व्हॉल्व्ह माझ्या बाजूला. वीजवाल्याचे तासाभराचे काम होते. पण त्यासाठी एकमेकांशी बोलावे लागले असते.

तेव्हापासून रोज सकाळी मी व्हॉल्व्ह उघडते आणि ती बटण दाबते. दुकान बंद करताना मी व्हॉल्व्ह फिरवते, कारण तिचा नळ गळका आहे, आणि ती माझा दिवा घालवते. सोळा वर्षांत यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता.

कलम ७. हे कलम लिहायला मला दोन दिवस लागले.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सकाळी माझा दिवा लागला नाही. आदल्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकांनी तिच्या सगळ्या खुर्च्या अडवल्या होत्या आणि तिच्या दोन गिऱ्हाइकांना बसायला जागा मिळाली नव्हती. मला वाटले, त्याचाच राग काढतेय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी मेणबत्ती लावली. मग व्हॉल्व्हपाशी गेले आणि नुकताच उघडलेला व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. दिवा नाही, तर पाणी नाही. अडीच तास मी मेणबत्तीच्या उजेडात कॉफी दिली आणि वर गिऱ्हाइकांना ऐकवलेही, "काय करणार, काही माणसांची मनंच लहान."

साडेआठला कुलूपवाले आले. म्हणाले, "वहिनी, धाकट्या वहिनींचं शटर बंदच आहे. लोक बाहेर ताटकळलेत."

ती मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. या असल्या हृदयाने मी तीन जिने कसे चढले, मला आठवत नाही. कुलूपवाल्यांनी मिनिटभरात दार उघडले. ती न्हाणीघराच्या दाराशी पडली होती, पाय अंगाखाली मुडपलेला.

सोळा वर्षांनी ती माझ्याशी बोललेला पहिला शब्द, "आलात?"

"आले."

"मला ठाऊक होतं. म्हटलं, दिवा लागला नाही की जाऊबाई येतील. म्हणून ओरडलेही नाही."

मी तिचे डोके मांडीवर घेतले. ती तिकडे फरशीवर माझी वाट बघत होती, तेव्हा मी इकडे तिचे पाणी तोडून बसले होते. हे मी तिला सांगितले नाही. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता तो महिनाभर मीच वळसा घालून तिच्या दाराने आत जायचे आणि माझा दिवा लावायचे. ती मला भेटेल त्याला सांगत सुटली की जाऊबाई धावत आल्या. आता ती काठी टेकत पुन्हा दुकानात येते आणि माझा दिवा लावते. मला त्या दिव्याखाली उभे राहायची लाज वाटते.

मी धावत आले नाही. अडीच तासांनी आले, तेही कुलूपवाल्यांनी सांगितले म्हणून. माझा अर्धा भाग तिने हे वाचून घ्यावा किंवा नाकारावा.

कलम ८. माझ्या माघारी मधली भिंत पाडावी. त्याचा खर्च माझ्या शिल्लकीतून करावा आणि उरेल ते लेकीला द्यावे. (हे कलम रद्द. कारण खाली. — सही)

पुरवणी. सोमवारी हा कागद वकीलबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "कलम सात तुमच्या पश्चात वाचलं जाईल. तुम्हाला काही त्रास नाही."

मी विचारले, "म्हणजे तिला माझ्याशी भांडता येणार नाही?"

"नाही."

"मग हे बरोबर नाही," मी म्हणाले आणि कागद उचलला.

वळसा घालून तिच्याकडे गेले. तिच्या दुकानात सोळा वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवर बसले. खुर्ची बरी आहे. कलम सात मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. ती पाव कापत होती. तिची सुरी थांबली.

"झालं वाचून?"

"झालं."

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमचं घड्याळ किती पुढे आहे?"

"पाच मिनिटं. का?"

"ते पुढे नाहीये, जाऊबाई. मी तुमचा दिवा रोज सहा-पाचला लावते. मुद्दाम. पहिल्या दिवसापासून."

मला आधी कळेचना. कळले तेव्हा मी अशी भडकले की माझ्या झडपेची मलाच भीती वाटली. "सोळा वर्षं? रोज मला अंधारात उभी केलीस?"

"पाचच मिनिटं हो!"

"आणि मी त्या बिचाऱ्या घड्याळजींना नाही नाही ते बोलले!"

मग आम्ही भांडलो. खुर्च्यांवरून, दिरांवरून, यजमानांवरून, पाव जाड कापण्यावरून, सगळ्यावरून. चाळीस मिनिटे. गिऱ्हाइके आपापले पाव घेऊन भिंतीला टेकून ऐकत होती आणि कुलूपवाले दारातून आळीपाळीने दोघींच्या बाजूने मान डोलवत होते. मध्येच ती रडली, मग मीही रडले. इतके बरे मला कितीतरी वर्षांत वाटले नव्हते.

शेवटी तिने माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि कलम आठवर बोट ठेवले. "तुमच्या माघारी भिंत पाडायची म्हणताय. मग पलीकडे बघून मी बोलायचं कुणाशी?"

काल गवंडी येऊन गेला. बांधायला दोन दिवस लागले होते, पाडायला दुपारपर्यंतचाही वेळ लागला नाही. जी वस्तू आता नाही, तिची व्यवस्था मृत्युपत्रात करता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून कलम आठ रद्द. कलम पाच कायम. धाकटी हो म्हणाली आहे, आणि लेकीलाही फोनवर सगळे वाचून दाखवले आहे. ती आधी रुसली, मग हसायला लागली, आणि गुरुवारी येते म्हणाली. घड्याळ बरोबर आहे, त्यामुळे न्हावीदादांना त्याचा उपयोग नाही, पण दिले ते दिले. घड्याळजींकडे आज कॉफी पाठवली आहे.

यापुढे अर्ध्या दुकानात खुर्च्या राहतील, अर्ध्यात उंच फळी. वीजवाल्याने विचारले, बटण आता तुमच्या बाजूला घेऊ का? आम्ही दोघी एकदमच नको म्हणालो. बटण ती दाबेल. व्हॉल्व्ह मी उघडेन, आणि शुक्रवारपासून मी दवाखान्यात असेन ते दिवस कुलूपवाले उघडतील. परत आल्यावर पुन्हा मीच.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत. बारवाल्यांना एवढ्या सकाळी जागे पाहण्याचा योग आला, हीही नोंद असावी. ते म्हणतात, पाटी वळवतो. बघू.

सही : थोरली, कॉफीवाली

साक्षीदार १ : कुलूपवाले
साक्षीदार २ : बियर बारचे मालक (काहीही न मिळालेले)

स्थळ : दुकान. कोणती बाजू, हे आता लिहायची गरज नाही.
दिनांक : १२ मार्च, बुधवार.
वेळ : सकाळचे सहा. दिवा आत्ताच लागला.