चंद्रभानचे अठ्ठेचाळीस टक्के

नंदनवन, नागपूर
रविवार

चि. भावना हिस,

धम्मानंदमामाचा सप्रेम जयभीम. तू, जावईबापू आणि तुझी चंद्रपूरची लॅब, तिघंही खुशाल असाल. माझी प्रकृती ठणठणीत आहे. दुर्दैवाने रिपोर्टही तेच म्हणतो. (फोन करत नाही, कारण चौथ्या वाक्याला तू 'मामा, पेशंट आला' म्हणतेस.)

आपल्या वाचनालयात रक्ततपासणीचं शिबिर झालं. इथे जे काही वाचायचं ते मोठ्याने मी वाचायचं, हा बावीस वर्षांचा रिवाज. म्हणून सगळ्यांच्या संमतीने रिपोर्टही मीच वाचले. माझा जुना दोस्त चंद्रभान, त्याच्या कागदावर लिम्फोसाइट अठ्ठेचाळीस टक्के आणि पुढे ठळक तारा! शेजारी छापलेलं, वीस ते चाळीस. जन्मभर गुणपत्रिका भरलेल्या मास्तराला याचा एकच अर्थ कळतो: प्रावीण्य. लिम्फोसाइट म्हणजे शरीराचे शिपाई, एवढं मी वाचलेलं होतं. मग काय, 'ज्याच्या रक्तातच फौज उभी आहे' यावर वीस मिनिटं बोललो. टाळ्या थांबेनात. त्या थांबल्यावर कळलं, त्या चंद्रभानला होत्या.

आमच्या अध्यक्ष तुळसाबाई उठल्या. "मंग वर्धापनदिनाचं भाषण यंदा चंद्रभानभाऊच करतीन. तुमचे किती हो गुरुजी?"

अठ्ठावीस, मी म्हणालो.

"असू द्या. पास तं झाले."

अकरा वर्षं ते भाषण माझं आहे, भावना! आणि चंद्रभान? ज्याने साठ वर्षांत 'चहा सांगू काय?' यापलीकडे सार्वजनिक विधान केलं नाही, त्याच्या गळ्यात आता हार, आणि घरी तीन डझन संत्री. (मोजली.)

मी तडक धरमपेठेतल्या डॉक्टरकडे गेलो, अठ्ठेचाळीस कसे करायचे ते विचारायला. तो आधी पोटभर हसला, मग कागद घेऊन बसला. टक्के म्हणजे पांढऱ्या पेशींतला नुसता वाटा. चंद्रभानला मागल्या आठवड्यात व्हायरल ताप होता. अशा तापात इतर पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून लिम्फोसाइटचा वाटा मोठा दिसतो. खरी संख्या काढायला टक्क्यांचा एकूण पांढऱ्या पेशींशी गुणाकार करायचा. केला. त्याच्या एकूण बेचाळीसशे, म्हणजे लिम्फोसाइट दोन हजार सोळा. माझ्या आठ हजार, म्हणजे बावीसशे चाळीस. फौज माझी मोठी आहे! पण हे सांगायचं तर माझंच भाषण चूक ठरतं, आणि असत्यावर आयुष्यभर तुटून पडलेल्या माणसाने स्वतःवर कसं तुटून पडावं?

तुझा,
धम्मानंदमामा

ता. क. : येत्या रविवारी ये. तू लॅबवाली, ही गोष्ट तू सहज बोलता बोलता सांग. बावीसशे चाळीस हा आकडा जरा मोठ्याने सांग.

ता. क. २ : चंद्रभान आत्ताच येऊन गेला. हातात तोच रिपोर्ट, घड्या पडून फाटायला आलेला. म्हणाला, "गुरुजी, या ताऱ्यापायी मले चार दिवस झाले झोप येऊन नाही राहिली. कोणाले विचारू गा? सारे टाळ्याच वाजवून राहिले." मी गुणाकार करून दाखवला, घाबरू नको, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टरच्या शब्दांत सांगितलं. पण त्याला पटेना. म्हणतो, "तू लय चांगलं बोलतं, म्हणून भेव वाटते."

तेव्हा रविवारची वाट पाहू नकोस. पत्र मिळताच त्याला फोन कर. पेशंट आला तरी ठेवू नकोस.