निळ्या चौकोनातले टाके

प्रिय भिंगरी,

गुडघा दुखतो असं सांगून तू सलग चार मंगळवार आली नाहीस. काल मी तुला पुलाचा जिना उतरताना पाहिलं, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आणि चाल विशीतल्या पोरीची. तेव्हा गुडघ्याचं सोंग आता पुरे. गोधडी शुक्रवारी इस्पितळात लहान मुलांच्या विभागाला द्यायची आहे आणि एकच चौकोन अडला आहे, तुझा. त्याबद्दलच लिहिते आहे. आधी पूर्ण वाच, मग फाडायचं तर खुशाल फाड.

वाचनालयाच्या माडीवर शिवायला आता मी आणि पोस्टबाई, दोघीच. ती इतकी बोलते की सुईतला दोरा संपतो पण तिचं वाक्य संपत नाही. शिंप्याची सूनही तू तिला बोललीस त्या दिवसापासून फिरकलेली नाही. छापील कापडांचं कातरण मात्र सासऱ्याच्या हाती न चुकता पाठवते, रंगांप्रमाणे गड्ड्या बांधून. कडेची लाल पट्टी तिच्याच कातरणातून झाली. अस्तराला माझी जुनी साडी लावली. धुऊन धुऊन मऊ झाली होती, मुलांना टोचणार नाही.

तुझा चौकोन तसाच मधोमध आहे. निळ्या जमिनीवर पाठ फिरवून बसलेली पांढरी पाखरं. कापड छपाईच्या कारखान्यात तू हा नमुना काढलास तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, रुसलेली पाखरं कोण विकत घेणार? तू त्याला म्हणालीस, ज्यांच्या घरात कुणी रुसतं ते सगळे. वर्षभरात सगळे तागे संपले. शेवटचा हातभर तुकडा तू तीस वर्षं जपलास आणि या गोधडीसाठी माझ्या हातात दिलास. कारखाना केव्हाच बंद झाला, तेव्हा हे कापड पुन्हा मिळणार नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तो चौकोन तूच शिवायला घेतलास. गेल्या वर्षापासून तुझा हात थरथरतो, त्याबद्दल आपण दोघीही बोलत नाही. धावदोरा एक टाका गव्हाएवढा, एक तांदळाएवढा, असा पडत गेला. पुढच्या मंगळवारी तू आलीस तर टाके सारखे, ओळ सरळ. तू चौकोन उलटा केलास, गाठ पाहिलीस. गाठ तुझी नव्हती. माडीची किल्ली शिंप्याच्या सुनेकडे असते, तेव्हा तू सरळ तिच्यावरच तुटून पडलीस. टाके घालायला बोलावलंय, उसवायला नाही. ही हुशारी सासऱ्याच्या दुकानात दाखव, म्हणालीस. ती एकदाच म्हणाली, मावशी, मी नाही. मग सुई कापडात खोचली आणि गेली. मी कडेची पट्टी मोजत होते, मोजतच राहिले.

ते टाके मी उसवले होते. आदल्या संध्याकाळी तिच्याकडून किल्ली मागून घेतली, तासभर बसले आणि सगळी ओळ नव्याने घातली. वाकडे टाके मला सहन होत नाहीत, हे तू कॉलेजपासून जाणतेस. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. त्या टाक्यांत तुझा थरथरता हात दिसत होता आणि तो मला पाहवत नव्हता. म्हणून पुसून टाकला. मग तू भलत्याच पोरीला बोललीस तेव्हाही माझी जीभ हलली नाही. काल दुकानात जाऊन सासऱ्यादेखत तिला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, मावशी, इतके मोजूनमापून टाके दुसरं कोण घालणार? महिनाभर हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. तिची माफी मी मागितली, तुझ्या वाट्याची तू माग. ती मंगळवारी येणार आहे. पोस्टबाईला मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगेन, म्हणजे गावभर होईलच. चालेल.

आता कामाचं. कापड घट्ट विणीचं आहे, उसवलेल्या टाक्यांची भोकं तशीच राहिली आहेत. पाणी लावलं, नखाने घासलं, इस्त्री फिरवली, तरी बुजली नाहीत. पाखरांची नासाडी मी केली, ती भरून निघणारी नाही. माझे टाके मात्र मी काढलेले नाहीत. ते तू काढ, कात्रीने काढ, हिसडा मारून काढ. त्यांच्या बाजूला तुझी जुनी भोकं स्पष्ट दिसतात, गव्हाएवढी आणि तांदळाएवढी. सुई तिथूनच ने. मंगळवारी तीन वाजता.

तुझीच,
फूटपट्टी