इथिएलची पाने

मी, वय एकाहत्तर, चित्रकथा काढून पोट भरलेली बाई, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला. माझ्या धाकट्या भावाने हक्क सांगू नये. "उडणारी माणसं काढून कुणाचं भलं झालंय?" हे त्याचेच शब्द. या खोल्या त्याच माणसांनी घेऊन दिल्या.

२. उतरते टेबल, टाक आणि ब्रश तळमजल्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्याला. शाई वाळली असल्यास कुरकुर करू नये.

३. आमचा महानायक इथिएल याची सर्व मूळ पाने मास्तरांना. मास्तर हिब्रू शिकवत आणि माझ्यासाठी कथा लिहीत. नाव त्यांनीच ठेवले. "शेवटचा 'एल' म्हणजे देव. इथिएल, म्हणजे देव माझ्यासोबत आहे," असे त्यांनी समजावल्यावर मी त्याच्या छातीवर ज्यूंचा सात ज्योतींचा दिवा काढला.

शेवटच्या अंकात मास्तरांनी त्याचे मरण लिहिले: साऱ्या शहरासाठी, हात पसरून, एकटाच आकाशातून पडतो. तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी इस्पितळात होती. कथा ऐकून ती म्हणाली, "देव सोबत आहे ना? मग पडताना त्याच्याजवळ कोण आहे?" मास्तरांना न विचारता मी त्याला जिवंत ठेवले, उशाशी एक म्हातारी बसवली आणि अंक छापायला दिला.

मास्तर म्हणाले, "बलिदानाचा अर्थच खोडलात, बाई."

मी म्हणाले, "आजारी माझी पोर आहे, तुमचा अर्थ नाही."

मग एकोणतीस वर्षे अबोला. मुलगी बरी झाली. शेवट बदलल्याचा मला पश्चात्ताप नाही. न विचारल्याचा आहे. मास्तरांना वाटले तर त्यांनी तो शेवट पुन्हा लिहावा.

४. मुलीने माझ्या नकळत मास्तरांना बोलावले. ते आज आले, वरचे कलम वाचून त्यांनी शेवटचे पान मागून पाहिले. मग म्हणाले, "म्हातारी चांगली काढली होतीत. ते पान मला नको. ज्या पोरीनं विचारलं, तिचं आहे ते." सबब शेवटचे पान कलम तीनमधून वगळून मुलीला द्यावे.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही), छापखान्यातला जुना बाइंडर (सही).

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. लिहून ठेवणारी: चित्रकार (सही).

ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मास्तरांची सही नाही. तारीख तेवढी त्यांनी मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात घातली: नऊ मार्च, सोमवार.