आईचा पुसलेला श्वास

पेन्या गार्सिया गाव, १८ ऑगस्ट

प्रिय बाबा,

हे पत्र लक्झेंबर्गला पोहोचले, तर तुम्ही मला वेडा म्हणाल. म्हणून ते पाठवणार नाही.

आई चौकोनी डफ वाजवत गायची, त्याची जुनी कॅसेट मी संगणकावर घेतली. तिच्या आठवणीसाठी मागच्या बायकांचे आवाज काढले, श्वासही नीट पुसले आणि खाली नाचाचा ठेका घातला. काल दुपारी जत्रेत ते गाणे लावले. पोरे नाचू लागली. देओलिंदा मावशी मात्र तरातरा माझ्याकडे आली.

“अरे शहाण्या, तिचा दम संपला की पुढची ओळ आम्ही उचलायचो. आम्हालाच हाकललंस! आता बिचारीनं श्वास कधी घ्यायचा?”

दवाखान्यात आई शेवटी श्वासासाठीच तडफडली होती. मी घाबरून गाणे बंद केले. मावशीने पुढची ओळ उचलली आणि चौकातल्या सगळ्या बायका तिच्यामागे गाऊ लागल्या.

तेवढ्यात बंद स्पीकरमध्ये कुणीतरी खोल श्वास घेतला.

तो आता घरातही ऐकू येतो, बाबा. दफनानंतर तुम्ही एकदाही आला नाहीत. मला एकट्याला तो ऐकवत नाही. या, एवढेच लिहायचे होते.

तुमचा,
एवारिस्तू